एकमेकींकडे पाठ करून

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं गेलं. शाळेत शिक्षा करतात तसं. सांगणाऱ्या बाई आमच्या हॉस्पिटलच्या मुख्य फार्मासिस्ट. त्या स्वतःही दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि पाठीमागूनच म्हणाल्या, "डॉक्टरांनी काय लिहिलंय ते मी एकदा वाचते. तू तुझं गणित कर, मी माझं करते. बघायचं नाय, विचारायचं नाय. झालं की दोघींनी एकदम सांगायचं."

हॉस्पिटल लहान मुलांचं, एका ट्रस्टचं. औषध बनवायची खोली पहिल्या मजल्यावर, बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या मागच्या बाजूला. एक ओटा, एक नाजूक वजनकाटा, पांढरा खल, काचेची मोजपात्रं, एक फ्रीज आणि उलट्या दिशेनं तोंड केलेल्या दोन खुर्च्या. खिडकीतून बाहेर पार्किंग आणि त्यापलीकडे गुलमोहराचं एक झाड दिसायचं. तिथं बसून आम्ही बाजारात न मिळणारी औषधं तयार करायचो. म्हणजे असं की, कारखाने गोळ्या करतात त्या साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी. दीड किलोच्या बाळाला त्या गोळीचा कणभर हवा असतो, आणि सुरीनं गोळीचे तुकडे करून काही तो कण हाती लागत नाही. मग गोळ्या कुटून, गोडसर पातळ पदार्थात घोटून त्यांचं इतकं सौम्य औषध करायचं, की सिरिंजमध्ये ओढलेल्या चार थेंबांत तो कण नेमका यावा.

मला या कामाची भीती वाटत होती. मी पडेगावची. माझं फार्मसीचं शिक्षण झालं होतं, पण नंतरची काही वर्षं एका मेडिकल दुकानात गेली होती. तिथं गणित कसलं? चिठ्ठी वाचायची, पट्टी काढायची, सकाळी एक रात्री एक म्हणून सांगायचं. कॉलेजात स्ट्रेंथची आणि मिश्रणांची जी सूत्रं पाठ केली होती, ती परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उडून गेली होती. त्या पहिल्या दिवशी पेन हातात धरून मी नुसती भिंतीकडे बघत बसले. पाठीमागं बाईंच्या पेनाचा आवाज येत होता, तो थांबलासुद्धा, आणि माझा कागद अजून कोरा.

त्या वळल्या नाहीत. तशाच बसून त्यांनी विचारलं, "कुठं अडलं?"

मी म्हटलं, सूत्र आठवत नाही.

"सूत्र राहू दे. मला सांग, तू त्या बाटलीत पाणी ओतलंस. औषध वाढलं का?"

"नाय."

"कमी झालं?"

"नाय."

"मग झालं की. औषध तेवढंच राहतं, पसरतं फक्त. आधी किती होतं ते धर, आता किती जागेत पसरलंय ते बघ. आणखी काय लागतं?"

खरोखर आणखी काही लागत नव्हतं. कॉलेजात सीवन-व्हीवनचं सूत्र म्हणून जे घोकलं होतं, ते एवढंच होतं. मी पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि पेन आपोआप चालायला लागलं. आम्ही दोघींनी एकदम उत्तर सांगितलं. जुळलं. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात मी स्वतःशीच हसत होते. रात्री जेवताना नवऱ्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो वाळूजच्या कंपनीतून थकून आलेला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आज आमटीत मीठ जास्त झालंय, त्यात पाणी ओतलं तरी मी मीठ तेवढंच खाणार." मी म्हटलं, सगळी आमटी तू एकटा संपवलीस तर, व्हय.

बाईंना सगळं हॉस्पिटल आपा म्हणायचं, मग मीही म्हणायला लागले. आपा जुन्या शहरातल्या. अंगानं बारीक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, अंगावर पांढरा कोट आणि डोक्यावरून पदर. मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, पण आकडे मात्र उर्दूत मोजायच्या. त्यामुळं उत्तर सांगायची वेळ आली की मी म्हणायचे "अडीच" आणि त्याच क्षणी पलीकडून यायचं "ढाई". मी "पाऊण", त्या "पौना". दोन भाषांतून एकच आकडा आला की आपा चष्मा खाली सोडायच्या आणि "चला, कुटा," म्हणायच्या. मग मी खल पुढं ओढायचे.

हळूहळू मला ते काम इतकं आवडायला लागलं की सुट्टीच्या दिवशी चुकल्यासारखं व्हायचं. गोळ्या खलात पडल्या की आधी टणटण वाजतात, मग करकरतात, आणि पीठ झालं की आवाजच बंद होतो. त्या पिठात थोडं सिरप घालून लेप करायचा, गाठ राहू द्यायची नाही, मग आणखी सिरप, मग मोजपात्रात ओतून खल धुऊन तेही त्यातच ओतायचं, आणि शेवटी खूण डोळ्यांच्या रेषेत आणून थेंबाथेंबानं भरायचं. खूण गाठली की मला दरवेळी समाधान वाटायचं. आपा म्हणायच्या, मला तीस वर्षं झाली तरी वाटतं, तुझं तर आत्ताशी सुरू आहे.

मी तिथं रुळले होते त्याच सुमाराला ती मुलगी आली.

फुलंब्रीच्या पुढच्या एका गावची. आठव्या महिन्यात जन्मलेली, वजन जेमतेम, आणि हृदयाच्या पडद्याला भोक. त्यामुळं फुप्फुसात पाणी साचायचं आणि तिला धाप लागायची. मोठ्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं की भोक लहान आहे, पुष्कळदा अशी भोकं बाळ वाढतं तशी आपोआप बुजतात, तोवर अंगातलं जादा पाणी काढत राहायचं. पाणी काढायच्या त्या औषधाची बाजारातली सगळ्यात लहान गोळीदेखील तिच्यासाठी डोंगराएवढी. म्हणून तिची चिठ्ठी आमच्याकडे आली. वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा.

आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. पंचवीसच्या बारा गोळ्या, म्हणजे तीनशे मिलिग्रॅम. त्या एकशेवीस मिलीत पसरल्या की एका मिलीत अडीच. बाळ दीड किलोचं, म्हणून दीड मिलिग्रॅम हवं.

"शून्य पूर्णांक सहा मिली," मी म्हटलं.

"झीरो पॉइंट छे," आपा म्हणाल्या, आणि मी पट्टीतून गोळ्या सोलायला घेतल्या.

बाळाची आई मला पहिल्यांदा दिसली ती काचेच्या पेटीजवळ स्टुलावर बसलेली. वीस-बावीस वर्षांची, डोक्यावर रुमाल बांधलेला, पायात हॉस्पिटलच्या निळ्या चपला. ती फारसं बोलायची नाही. तिचा नवरा फुलंब्री ते शहर काळीपिवळी चालवायचा. सकाळी सवारी घेऊन यायचा, बायकोचा डबा द्यायचा, काचेतून लेकीला बघायचा आणि पुन्हा सवारी घेऊन परत. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. आमच्या आयाबाया म्हणायच्या की त्याच्या गाडीत बसलेल्या सगळ्या फुलंब्रीला रोज या पोरीचं वजन माहीत असतं.

पोरगी चिवट निघाली. दोन किलोची झाली तेव्हा तिला घरी सोडायचं ठरलं. औषध मात्र घरीही चालू ठेवायचं होतं, म्हणून आईला ते कसं द्यायचं हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी एका बाटलीत पाण्यात जरा लाल रंग टाकला, एक लहान सिरिंज घेतली आणि तिच्यासमोर बसले. बाटली हलव, सिरिंज बुडव, हळू ओढ, बुडबुडा आला तर परत ढकल, रेघ डोळ्यासमोर धर. पहिल्यांदा तिला जमेना. रेघ पुढं जायची, मागं यायची. मग एकदा बरोबर जमली. ती सिरिंज उजेडाकडे धरून तिनं बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ताई, ह्या एवढ्याशा पाण्यात गोळी कुठंय?"

मी म्हटलं, गोळी दिसत नाही, पण सगळ्या पाण्यात सारखी पसरली आहे.

"आन् खाली बसली मंग?"

"म्हणून तर दरवेळी हलवायची. नाही हलवली तर वरचं पाणी नुसतंच गोड लागेल आणि तळाला सगळं औषध राहील."

तिनं ते मनात घोळवलं. मग बाटली हातात घेतली आणि ताक घुसळल्यासारखी इतक्या जोरात हलवली की टोपण उडून लाल पाणी माझ्या कोटावर आलं. ती घाबरून उभी राहिली. मला हसू आवरेना, आणि मला हसताना बघून तीही तोंडाला पदर लावून हसायला लागली. इतक्या आठवड्यांत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. तो गुलाबी डाग माझ्या कोटावरून पुढं कधीच पूर्ण गेला नाही.

त्या दिवसापासून ती दर महिन्याला यायची. औषध महिन्याभरानं टाकून नवं करावं लागायचं, आणि तोवर पोरीचं वजनही वाढलेलं असायचं. आधी मॅडमच्या तपासणीत वजन व्हायचं, मग चिठ्ठी आमच्याकडे. आई बाहेरच्या बाकावर मांडीवर पोर घेऊन बसायची आणि आम्ही आत भिंतींकडे तोंड करून. बाटलीची ताकद आम्ही मुद्दाम तीच ठेवली होती, म्हणजे आईचा गोंधळ नको. बदलायची ती फक्त सिरिंजवरची रेघ. अडीच किलो झाली तेव्हा रेघ एकवर आली. नंतर दीडच्या जवळ. मग मोठी सिरिंज द्यावी लागली.

एरवी औषधाचं प्रमाण वाढलं की घरच्यांची तोंडं उतरतात. इथं उलटं होतं. रेघ वर सरकली म्हणजे पोरगी वाढली, हे आईला पक्कं कळलं होतं. मी दार उघडलं की ती आधी विचारायची, "वर गेली का?" मी नवी रेघ दाखवली की ती पोरीला दाखवायची. आपा आतून विचारायच्या, "गालाला मांस आलं का?" आणि मग स्वतःच बाहेर येऊन गालाला हात लावून खात्री करून जायच्या. पोरगी त्यांच्या गळ्यातली चष्म्याची दोरी धरायची. एकदा तिनं ती तोंडात घातली, आणि आपा तशाच वाकून उभ्या राहिल्या, कारण तिच्या मुठीतून सोडवायला त्यांचं मन होईना. तिकडं मॅडमचा फोन वाजत होता.

असे काही महिने गेले. मग एकदा ती आली ती नेहमीसारखी आली नाही.

चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि काही न विचारता बाकावर जाऊन बसली. नवराही बरोबर होता, तोही गप्प. एरवी तो दारातूनच आज किती सवारी झाल्या, हर्सूलला किती गर्दी होती, सगळं सांगायचा. मला वाटलं, दोघांचं काहीतरी बिनसलं असेल. मी आत आले. चिठ्ठीवर वजन होतं पाच किलो. मला इतका आनंद झाला की मी वाचतानाच हसत होते. आपांनी खुर्ची फिरवली, मी फिरवली. पुढं लिहिलं होतं: वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम, दिवसाला, दोन वेळा.

"दोन मिली," मी म्हटलं.

"एक," आपा म्हणाल्या.

इतक्या दिवसांत असं झालंच नव्हतं. आम्ही वळून एकमेकींकडे पाहिलं. मग आपा म्हणाल्या, फिर, पुन्हा कर. पुन्हा केलं. पुन्हा माझे दोन आणि त्यांचा एक. नियम असा की उत्तर जुळलं नाही तर खलाला हात लावायचा नाही, आणि कोण मोठी कोण लहान याचा प्रश्न काढायचा नाही. आम्ही दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. आकडेमोड दोघींची बरोबर होती. फरक वाचण्यात होता. मी वाचलं होतं की दरवेळी पाच मिलिग्रॅम आणि असं दोनदा. आपांनी वाचलं होतं की दिवसभरात मिळून पाच आणि ते दोन वेळांत विभागून. त्या ओळीतून दोन्ही अर्थ निघत होते. आणि एक अर्थ दुसऱ्याच्या दुप्पट होता.

आपा कोटाचं बटण लावत उठल्या. "फोनवर नको. मी जाऊन येते. तू इथंच थांब."

मी थांबले. दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं तर आई पोरीच्या टोपडीची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. नवरा तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघत होता. मी काहीच करू शकत नव्हते, म्हणून ओटा पुसला. मग मोजपात्रं पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

आपा परत आल्या तेव्हा जिन्यावरून चढताना त्यांना दम लागला होता, पण त्या हसत होत्या. मॅडमनी आपलं लिहिलेलं वाचून बघितलं, म्हणाल्या खरंच दोन अर्थ होतात, आणि चिठ्ठी बदलून स्वच्छ लिहून दिली. पण ती खरी बातमी नव्हती. खरी बातमी अशी की मॅडमना निम्मंच द्यायचं होतं. हृदयाच्या सोनोग्राफीत भोक जवळजवळ बुजलेलं दिसलं होतं. पोरीचं हृदय आता स्वतःचं काम स्वतः करत होतं, म्हणून औषध अर्ध्यावर आणायचं, पुढच्या महिन्यात आणखी कमी, आणि मग बंद.

"तिच्या आईला माहीत आहे का हे?" मी विचारलं.

"मॅडम म्हणतात, सांगितलं."

मी बाहेर गेले. आईच्या शेजारी बाकावर बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं की ती मघापासून रडू दाबून बसली होती.

"ताई," ती म्हणाली, "औषध कमी करायला सांगितलं मॅडमनी. आता उपेग नाय म्हनून का?"

तिच्या हिशेबानं ते अगदी बरोबर होतं. इतके महिने मीच तिला दाखवत आले होते की रेघ वर जाते म्हणजे सगळं ठीक आहे. आज रेघ खाली येणार असं कुणीतरी सांगितलं, आणि पुढचं तिला ऐकूच आलं नसणार. त्यांच्या घरी आजी गेली तेव्हा डॉक्टरांनी असंच एकेक औषध कमी केलं होतं, हे तिच्या नवऱ्यानं मागून हळूच सांगितलं.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "ऐक नीट. हृदयाला भोक होतं म्हणून अंगात पाणी साचत होतं. पाणी साचत होतं म्हणून औषध होतं. आता भोक बुजत आलंय. पाणी साचतच नाही, मग औषध काढणार तरी काय? तिला लागतच नाही आता तेवढं."

"बुजलं?"

"बुजत आलंय. बाकीचंही बुजेल, म्हणतात मॅडम."

"मंजी रेघ खाली आली तरी चांगलं?"

"आता खाली आली तरच चांगलं."

मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला होता. दोन्ही हात डोक्यावर ठेवून तो खिडकीपाशी गेला आणि पार्किंगकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते. आई मात्र हसत होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि हसत होती, आणि पोरगी त्या दोघांना सोडून माझ्या कोटाचं बटण ओढत होती. आपा दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चल, आत ये, कुटायचंय. लोकांना गावाला जायचंय."

आम्ही आत आलो, खुर्च्या फिरवल्या आणि नव्या चिठ्ठीवरून पुन्हा गणित केलं. उत्तर माहीत असूनही केलं. "एक," मी म्हटलं. "एक," आपा म्हणाल्या. तो आकडा दोघींच्या भाषांत सारखाच असतो, हे तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या महिन्यात रेघ आणखी खाली आली. त्याच्या पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा तिच्याकडे चिठ्ठीच नव्हती. औषध बंद झालं होतं. तरी ती आमच्या दारापर्यंत आली, कारण तिला बोलावणं करायचं होतं. पोरगी पेटीत होती तेव्हा तिनं नवस बोलला होता की ही जगली तर हिची गूळतुला करीन. तराजूच्या एका पारड्यात पोर, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा गूळ, आणि तो गूळ गावात वाटायचा. आम्ही दोघींनी यायलाच हवं होतं.

आपा सहसा कुठं जायच्या नाहीत. मला वाटलं, काहीतरी सबब सांगतील. पण त्या म्हणाल्या, "वजनाचं काम आहे, आपण नको का?"

रविवारी सकाळी तो स्वतः काळीपिवळी घेऊन आम्हाला न्यायला आला. गाडी धुतलेली, पुढच्या काचेला झेंडूची माळ. आम्हाला पुढच्या सीटवर बसवलं. गावात पोचलो तर लिंबाच्या झाडाला धान्य मोजायचा मोठा तराजू टांगलेला आणि खाली बायांची गर्दी. एका पारड्यात आईची हिरवी साडी अंथरून पोरीला बसवलं. ती मुळीच रडली नाही. दोरी धरून तिनं पारडं हलवायला सुरुवात केली, त्यामुळं तराजू काही केल्या स्थिर राहीना. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपी ठेवल्या. शेवटची ढेप ठेवली की पोरगी वर, काढली की खाली, पुन्हा ठेवली की पुन्हा वर. ती प्रत्येक वेळी वर गेली की खिदळायची आणि बाया तिच्याबरोबर. शेवटी आपा पुढं झाल्या. एक ढेप फोडायला लावली, त्यातला एक लहान तुकडा घेतला, पारड्यात ठेवला, हातानं पारडं थोपवलं आणि काटा डोळ्यांच्या रेषेत आणण्यासाठी गुडघ्यांत वाकल्या. "बराबर," आपा म्हणाल्या, आणि वाजंत्रीवाल्यानं हलगीवर थाप मारली.

जेवणात बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि पुरणपोळी होती. आईनं आम्हाला समोर बसून वाढलं. ताटात काही संपू देईना. आम्ही निघालो तेव्हा तिनं गुळाचा एक मोठा तुकडा कागदात बांधून आपांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता औषध नाय, तर तुमच्याकडं यायला निमित्त नाय ऱ्हायलं."

"निमित्त कशाला लागतं, बेटा?" आपा म्हणाल्या. "पोरगी चालायला लागली की घेऊन ये. मला बघायचंय."

परतीला गाडी सवारीनं भरली होती. फुलंब्रीला आणखी चार माणसं चढली. बाळाच्या बापानं गिअर टाकता टाकता सगळ्यांना सांगितलं की पुढं बसलेल्या या दोन बाया माझ्या लेकीचं औषध करायच्या. झालं. मागून एका म्हाताऱ्यानं वाकून आपांना गुडघ्याचं दुखणं सांगायला सुरुवात केली. त्याचं होईपर्यंत एका बाईनं सुनेच्या ॲसिडिटीचं काढलं. मग कुणाची खाज, कुणाची झोप. आपा प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेत, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारत, आणि शेवटी एकच सांगत, "मी डॉक्टर नाय. डॉक्टरला दाखवा. गोळी मनानं घेऊ नका." माणसं जरा खट्टू होत. मग आपा कागद उघडून त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवत.

हर्सूलला पोचेपर्यंत कागद रिकामा झाला होता, आणि सगळी गाडी तोंडात गूळ घोळवत गप्प बसली होती.